चक आपोआप घट्ट होतो, थांबेपर्यंत

लाकूड फिरवून वाडगे कोरायच्या लेथवर लाकूड जबड्यांत धरून ठेवतो तो चक. टेनन (जबड्यांत धरायला लाकडावर ठेवलेला गोल खुंटा) चकच्या तळाला टेकू नये, लाकडाचा खांदा जबड्यांवर बसावा, किल्ली चकमध्ये विसरू नये, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. शिकवणारे सर म्हणायचे, "चक हाताने फिरवून लाव, चालू केलं की आपोआप घट्ट होतो." हे वाक्य मी दोन महिने मंत्रासारखं जपलं.

मग एकदा मोठा, ओल्या लाकडाचा वाडगा आतून कोरून झाला आणि मी लेथ बंद केला. ब्रेक कडक होता. स्पिंडल, म्हणजे ज्याच्या आट्यांवर चक बसतो तो फिरणारा दांडा, थांबला, चक थांबला नाही. आटे सोडत तो बाहेर आला, वाडग्यासकट लेथच्या बेडवर (खालच्या आडव्या पट्ट्यांवर) आदळला आणि माझ्या पायाजवळ पडला. मला काही लागलं नाही, पण आठवडाभर लेथकडे फिरकले नाही.

सरांचं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. आटे उजवे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवलं की आवळणारे, असतात. कापताना हत्यार लाकडाला अडवतं आणि स्पिंडल पुढे ढकलत राहतो, म्हणून चक आवळला जातो. ब्रेक लागला की नेमकं उलट होतं: स्पिंडल मंदावतो, पण चक आणि लाकूड आपल्या वजनाच्या जोरावर पुढे फिरू पाहतात, आणि स्पिंडलच्या पुढे फिरणं म्हणजेच सुटणं. लाकूड जितकं जड आणि रुंद, तितका हा जोर जास्त. रिव्हर्समध्ये पॉलिश पेपर मारताना तर धोका दुहेरी: सुरू करतानाचा झटकाही चक सोडवतो आणि पेपरचं घर्षणही. रिव्हर्समध्ये थांबताना मात्र तो आवळतो. हे कागदावर बाण काढून एकदा समजून घ्या. पाठ करू नका, मी पाठच केलं होतं.

माझा चक मुळात नीट बसलाच नव्हता. आट्यात भुसा होता. 33 मिमी स्पिंडलच्या आट्यांचा पिच (एका फेऱ्यात चक जितका सरकतो ते अंतर) 3.5 मिमी असतो, म्हणजे अर्धा फेरा कमी बसला तर पावणेदोन मिमीची फट राहते. चकची मागची बाजू स्पिंडलच्या खांद्याला टेकलीच नाही, तर आवळणार कशावर? आता मी दर वेळी दोन्हीकडचे आटे ब्रशने साफ करते, स्पिंडल लॉक करून शेवटचा पाव फेरा हाताने झटक्यात देते, आणि फटीत कागद शिरत नाही ना ते बघते. अर्धं मिनिट लागतं. हे टाळून वेळ वाचवणारे लोक मला कळत नाहीत.

रिव्हर्स करायचंच असेल तर चकचा ग्रब स्क्रू (चक स्पिंडलवर अडकवून ठेवणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) हवाच. पण तो स्पिंडलवरच्या खाचेत बसला पाहिजे. खाच नसताना आवळलात तर आटे चेपतील आणि भरवसा तरीही नाही. खाच नाही? मग रिव्हर्स नाही. हातात पेपर धरून सरळ फिरवूनही गुळगुळीत होतं, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच.

थांबवताना आधी वेग खाली आणा, मग बंद करा. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) असेल तर थांबण्याचा वेळ बहुधा सेटिंगमध्ये वाढवता येतो, वाढवा. आकार परवानगी देईल तोवर टेलस्टॉक (लाकडाला दुसऱ्या टोकाकडून टेकू देणारा भाग) लावून ठेवा, चक सुटला तरी जायला जागा उरत नाही. चालू करताना समोर उभं राहू नका, हे तर आहेच.

घाबरू नका, नीट बसलेला चक दिवसचे दिवस हलत नाही. उलट नंतर निघत नाही म्हणून वैतागाल. तेव्हा स्पिंडल लॉकच वापरा. वर्तुळाचे समान भाग पाडायची इंडेक्स पिन अडकवून जोर लावलात तर पिन वाकेल. ती मी वाकवली आहे, पण त्याबद्दल इथे बोलायचं नाही असं ठरवलं होतं.