पार्किंगमध्ये फ्लॉरेन्स : भाऊबंदकीचा खेळ कसा मांडावा

मे महिन्यात आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीची निम्मी मुलं गावाला जातात आणि उरलेली दुपारभर जिन्यात दंगा करतात. त्यांच्यासाठी मी हा खेळ मांडते : तेराव्या शतकातल्या इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात घराण्याघराण्यांत झालेल्या भांडणांचा. बारा-चौदा मुलं, दोनेक तास आणि गाड्या बाहेर पडल्यावर मोकळं झालेलं पार्किंग एवढं पुरतं.

खडूने आर्नो नदी काढा, तिच्यावर एक पूल. ऑनलाइन सामानाची रिकामी खोकी घरोघरून गोळा करा. प्रत्येक घराण्याने आपला बुरूज रचायचा. उबेर्ती, अमिदेई, लाम्बेर्ती एकीकडे. बुओन्देलमोन्ती, दोनाती दुसरीकडे. तीन-चार मुलं व्यापारी होतील : लोकरवाले, कापडवाले, सराफ. चिंचोके फक्त त्यांच्याकडे द्यायचे, ते सोन्याचे फ्लोरिन.

या भांडणांत पोप आणि पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राटही ओढले गेले, पण ही नावं सुरुवातीला काढायचीच नाहीत. तिथून सुरू केलं की मुलं पेंगतात. सुरुवात मोडलेल्या लग्नाने करा. इतिवृत्तकार सांगतात की बुओन्देलमोन्तेने अमिदेईंची मुलगी नाकारून दोनातींची पत्करली आणि १२१६च्या ईस्टरला पुलाजवळ त्याचा खून झाला. आता प्रत्येकाला विचारा, तू कुणाकडून? सोयरीक बघून मुलं आपोआप वाटली जातात. मग विचारा, बाहेरून मदत कुणाची आणणार? सम्राट आणि पोप आता आणा. सम्राटाकडचे गिबेलिन, पोपकडचे ग्वेल्फ.

एक नियम अजिबात सोडायचा नाही : इथे कुणी आऊट होत नाही. हरलेला हद्दपार होतो. त्याचा बुरूज जिंकणाऱ्यांनी पाडायचा आणि त्याने लिफ्टजवळ, म्हणजे शेजारच्या सिएना शहरात, जाऊन उभं राहायचं. तिथे बसून तो मदत जमवतो आणि परत येतो. सगळी गंमत यातच आहे, कारण फ्लॉरेन्समध्ये दशकानुदशकं हेच चाललं. १२४८ला ग्वेल्फ बाहेर, १२५८ला गिबेलिन.

मधे व्यापाऱ्यांना एक डाव द्या. १२५०मध्ये नगरातल्या लोकांनी सत्ता घेऊन बुरुजांची उंची सुमारे २९ मीटरवर आणली होती. आपल्याकडे कमरेच्या वरचं खोकं काढून टाकायचं. यावर जेवढा आरडाओरडा होतो तेवढा खुनावरही होत नाही.

मग १२६०ची मोन्तापेर्तीची लढाई : एकीकडे ग्वेल्फांचं फ्लॉरेन्स, दुसरीकडे सिएना आणि हद्दपार गिबेलिन. हाणामारी नको, माणसं आणि चिंचोके मोजा. ग्वेल्फांकडे जास्त असू द्या, कारण फ्लॉरेन्सचं सैन्य खरंच मोठं होतं. पण त्यांच्यातल्या एकाला आधीच गुपचूप चिठ्ठी द्या : तू फितूर बोक्का, ऐन वेळी आपल्याच झेंड्यावर हात टाक. झेंडा पडला की ग्वेल्फ हरले. जिंकलेल्यांनी मत द्यायचं, फ्लॉरेन्स जमीनदोस्त करायचं का? फारिनाता उबेर्ती झालेल्या मुलाने एकट्याने विरोध करायचा. त्याला भरपूर वेळ द्या, घाई करू नका.

१२६६मध्ये बेनेवेन्तोच्या लढाईत सम्राटाच्या घराण्याचा मानफ्रेद मारला गेला आणि ग्वेल्फ परतले, हे दोन वाक्यांत उरका. मुलांना वाटतं, खेळ संपला. तेव्हा ग्वेल्फांमध्येच काळ्या आणि पांढऱ्या चिठ्ठ्या वाटा. दोनाती काळे, चेर्की नावाचं दुसरं घराणं पांढरं. १३०१च्या अखेरीस काळ्यांनी शहर घेतलं.

पांढऱ्यांतली एक चिठ्ठी कवी दान्तेची. ती सोसायटीतल्या सर्वांत भांडखोर मुलाला द्या. आधी दोन महिन्यांचा शहराचा कारभारी, १३०२ला हद्दपार, आणि परत यायला बंदी. तो चिडतो. त्याच्या हातात कोरा कागद ठेवा : खेळातल्या कुणाला नरकात टाकायचं ते लिही. खऱ्या दान्तेने आपल्या काव्यातल्या नरकात बोक्काला बर्फात गाडलं आणि फारिनाताला जळत्या थडग्यात उभं केलं. यादी मोठ्याने वाचून घ्या, पण कारण दिल्याशिवाय एकही नाव मान्य करू नका.