पाइनवूड डर्बी: चाकं जुळवताना या चुका टाळा

पाइनवूड डर्बी म्हणजे मुलांनी पाइनच्या ठोकळ्यातून कोरलेल्या छोट्या गाड्यांची उतारावरची शर्यत. गाडीची चाकं खिळ्यांवर फिरतात, आणि मार्गिकेच्या मधोमध एक उंच पट्टी असते. वजन काट्यावर बरोबर ५ औंस (सुमारे १४२ ग्रॅम) भरलं, रंगही झकास झाला, आणि शर्यतीत गाडी उतार संपताच मधल्या पट्टीला आपटत, डुलत मागे पडली. अमेरिकेतल्या कब स्काउटच्या (लहान बालवीरांच्या) शर्यतींत हे नेहमी दिसतं. इतके दिवस खपलेल्या मुलाचा चेहरा तेव्हा बघवत नाही. खोट बहुतेक वेळा चाकांच्या जुळणीत असते.

ठोकळ्यातल्या खिळ्यांच्या खाचा सरळच असणार, हे गृहीत धरू नका. ठोकळा कोरण्याआधी गुण्या लावून बघा, कारण कोरल्यावर गुण्या टेकवायला सपाट बाजू उरत नाही. खाच तिरकी असेल आणि भोकं पाडणं नियमांत बसत असेल, तर ड्रिल प्रेसवर नवी भोकं पाडा.

खिळेही तसेच ठोकू नयेत. डोक्याखालचे कंगोरे कानशीने घालवा, खिळा ड्रिलमध्ये फिरवत आधी ४००, मग ६००, शेवटी १००० नंबरचा ओला पॉलिश पेपर लावा. वंगण म्हणून कोरडं ग्रॅफाइट. चाक आणि ठोकळा यांत साधारण १ मिलिमीटर फट ठेवा.

आता मागची चाकं. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. मागचे खिळे बाहेरच्या टोकाला किंचित वर, सुमारे ३ अंश वाकवले, तर चाकं ठोकळ्याला न घासता खिळ्याच्या डोक्याकडे सरकून राहतात. काच किंवा गुळगुळीत फळीवर गाडी पुढे ढकला, मग मागे ओढा. दोन्ही वेळा दोन्ही चाकं डोक्याकडेच गेली पाहिजेत. पुढे जाताना चाक आत सरकत असेल, तर त्याचं तोंड आत वळलंय. मागे येताना सरकत असेल, तर बाहेर. खिळा पक्कडीने केसभर फिरवा आणि पुन्हा तपासा. मला एका चाकाला अख्खी संध्याकाळ लागली होती, पण ती वाया गेली नाही.

मागचं जुळल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. अनेक जण पुढचं एक चाक जरा उचलून ठेवतात आणि दुसऱ्याचा खिळा किंचित वाकवून गाडी मुद्दाम पट्टीकडे वळवतात, म्हणजे ती दोन्हीकडे आपटत नाही. उजवं चाक उचललेलं असेल, तर फळीवर गाडी हलकेच उजवीकडे गेली पाहिजे. डावीकडे गेली, तर डाव्या चाकाचा वाकवलेला खिळा फिरवा. काही ठिकाणी चारही चाकं टेकलेली लागतात, वाकवलेले खिळे चालत नाहीत. नियम आधी वाचा.

सगळं जुळूनही डुलते? मग वजनासाठी घातलेलं शिसं फार मागे गेलंय. तोल मागच्या खिळ्यांच्या साधारण १ इंच पुढे आणा.

गोंदाचा थेंब खिळ्याच्या आतल्या टोकाशी, चाकापासून लांब टाका. तो चाकाच्या भोकात उतरला, तर चाक जाम.