जुनी लेक्सस आयएस 300 कशी पारखावी: टायरपासून इंजिनापर्यंत

पहिल्या पिढीची लेक्सस आयएस 300 (लेक्सस हा टोयोटाचा आलिशान गाड्यांचा ब्रँड) बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो. साहजिकच आहे. आत तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं 2जेझेड-जीई इंजिन आहे, टोयोटा सुप्राच्या गाजलेल्या टर्बो इंजिनाचं सख्खं भावंड. पण या गाडीत सगळ्यात उशिरा थकतं ते इंजिनच. त्याच्या कितीतरी आधी रबर थकतं: सस्पेन्शनचे बुश (सांध्यांत बसवलेल्या, धक्के शोषणाऱ्या रबरी नळ्या), बॉल जॉइंटवरचे बूट (चाकाला धरणाऱ्या गोल सांध्यावरची रबरी टोपणं), बेल्ट, होज. आणि ज्या चालीसाठी ही गाडी घ्यायची, ती चाल या रबरावरच अवलंबून आहे. म्हणून तपासणी खालून वर करा. आधी चाकं, मग सस्पेन्शन, आणि इंजिन शेवटी.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी आहे, कारण ही गाडी तिथेच मोठ्या संख्येने विकली गेली. लेक्सस भारतात आली 2017 साली. तोवर ही पिढी बंद होऊन बारा वर्षं उलटली होती.

आधी गाडीची कुंडली समजून घ्या

जपानमध्ये ही गाडी ऑक्टोबर 1998 मध्ये टोयोटा अल्टेझा या नावाने आली आणि त्या वर्षीचा जपानचा 'कार ऑफ द इयर' किताब तिने घेतला. मुख्य इंजिनिअर होते नोबुआकी कातायामा. टोयोटाच्या एई86 या हलक्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या कामातही त्यांचा हात होता. त्या वेळी या वर्गात बीएमडब्ल्यू 3 सिरीजचं राज्य होतं, आणि अल्टेझाचा नेम सरळ तिच्यावर होता. ताकद मागच्या चाकांना, पुढे-मागे दोन्हीकडे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन दांडे, म्हणजे आर्म, असलेलं) सस्पेन्शन, 2,670 मिमी व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि पुढच्या चाकांपुढे अगदी आखूड नाक, असा तिचा बांधा होता.

जपानमधल्या सेडानला दोन लिटरची इंजिनं होती. अमेरिकन गिऱ्हाइकाला ती अपुरी वाटली असती, म्हणून तिकडे 2001 च्या मॉडेलपासून तीन लिटरचं इंजिन घालून ती आयएस 300 झाली: 5,800 आरपीएमला 215 हॉर्सपॉवर आणि 3,800 ला सुमारे 295 न्यूटन-मीटर टॉर्क. सुरुवातीला फक्त पाच गिअरचा ऑटोमॅटिक मिळत होता. पाच गिअरचा मॅन्युअल 2002 च्या मॉडेलपासून आला, आणि त्याच सुमारास स्पोर्टक्रॉस नावाची वॅगनही. 2005 चं मॉडेल या पिढीचं शेवटचं. मागचे पारदर्शक काचेचे दिवे इतके गाजले की पुढे कुठल्याही गाडीला तसले दिवे लावले की लोक त्यांना 'अल्टेझा लाइट्स'च म्हणू लागले.

व्हीआयएन आणि कागद

बघायला जाण्याआधीच मालकाकडून व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, मागवून घ्या. सतरा अक्षरांच्या या नंबरात सुरुवातीला 'जेटीएच' असायला हवं आणि दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, 1 म्हणजे 2001 ते 5 म्हणजे 2005. त्यावरून हिस्टरी रिपोर्ट काढा. अपघात, पुरात बुडणं, सॅल्व्हेज टायटल (विमा कंपनीने गाडी भंगारात काढल्याची नोंद) यांपैकी काहीही निघालं तर तिथेच थांबा.

गाडी कुठल्या राज्यात चालली हेही त्यात कळतं आणि मला ते मायलेजइतकंच महत्त्वाचं वाटतं. न्यू जर्सी किंवा मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे आयुष्य काढलेली गाडी वरून चकचकीत असते, पण खाली ब्रेकचे पाइप, मागची सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) आणि दारांखालच्या पट्ट्या गंजलेल्या निघतात. कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनातली दीड लाख मैल चाललेली गाडी मी तिकडच्या ऐंशी हजार मैलवाल्या गाडीपेक्षा आधी बघेन. पत्र्याचा रंग परत देता येतो, गंजलेली सबफ्रेम मात्र खिसा रिकामा करते.

आणि शक्यतो कंपनीतून आली तशीच असलेली गाडी शोधा. या मॉडेलला टर्बो बसवणारे, ती जमिनीलगत उतरवणारे आणि ड्रिफ्टिंगला नेणारे बरेच. त्यात काही कामं उत्तम असतात, पण ते ओळखायला अनुभवी नजर लागते. पहिल्यांदा घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

टायरवर हात फिरवा

गाडीसमोर गेल्यावर पहिली पाच मिनिटं टायरना द्या. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायला सांगा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड दिसेल. बाहेरून नक्षी भरपूर आणि आतल्या कडेला टायर गुळगुळीत, हे चित्र या गाडीत फार वेळा दिसतं. आता तळवा टायरच्या रुंदीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर टायर रस्त्यावर सरळ न लोळता घासत चाललाय. याचा अर्थ अलाइनमेंट (चाकांचे ठरलेले कोन) गेलंय, आणि बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी पुढच्या खालच्या आर्मचे बुश असतात.

मालक म्हणेल, "फक्त अलाइनमेंट करून घ्या." बुश फाटलेले असतील तर अलाइनमेंट टिकत नाही. मशीनवर आकडे बरोबर येतात, पण ब्रेक मारला की आर्म मागे सरकतो आणि चाकाचा कोन बदलतो.

चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का तेही बघा. मूळ माप 215/45 आर17. अशा गाडीला चार वेगळे स्वस्त टायर लावणाऱ्याने बाकीची देखभाल कशी केली असेल, याचा अंदाज तिथेच येतो.

लिफ्टवर चढवल्याशिवाय व्यवहार नाही

इथे कंजूषी नको. स्वतंत्र मेकॅनिककडे, म्हणजे मालकाच्या ओळखीच्या नव्हे, खरेदीपूर्व तपासणीसाठी वेळ घ्या आणि स्वतः तिथे उभे राहा.

पहिलं काम पुढच्या खालच्या बॉल जॉइंटचं. या गाडीचा हा ठाऊक असलेला कमकुवत बिंदू आहे आणि तो मजेचा नाही, जिवाचा प्रश्न आहे, कारण जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं. मेकॅनिकने चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावं, आणि मग पहारीने आर्म उचकून जॉइंटमध्ये खेळ आहे का ते बघावं. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलं असेल तर खेळ नसला तरी जॉइंट बदलायचाच, असं धरून चाला.

मग बुश. टॉर्चच्या उजेडात खालच्या आर्मचा मागचा बुश नीट बघा. रबराला वरवरच्या बारीक भेगा असणं वयाला धरून आहे. पण रबर धातूच्या नळीपासून सुटलेलं दिसलं, किंवा पहार लावल्यावर मधला भाग तरंगल्यासारखा हलला, तर तो संपला. स्टॅबिलायझर बारच्या लिंका, शॉक ॲब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ, स्टिअरिंग रॅकचे बूट आणि मागच्या आर्मचे बुश हे सगळं त्याच फेरीत बघून होतं.

एवढा आग्रह का, ते सांगतो. डबल विशबोनमध्ये वरचा आणि खालचा असे दोन आर्म चाकाला धरतात. गाडी वळणात कलली तरी टायर रस्त्यावर सपाट टेकून राहावा, अशी त्या दोन्ही आर्मची लांबी आणि कोन ठरवलेले असतात. हे गणित मिलिमीटरमध्ये चालतं. बुश दोन-तीन मिलिमीटर सैल झाला की कातायामांच्या टीमने केलेलं काम रस्त्यापर्यंत पोचतच नाही. "लेक्सस आयएस चालवली, काही विशेष वाटली नाही" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी थकलेल्या बुशची गाडी चालवलेली असते, हे माझं ठाम मत आहे.

आता इंजिन, पण थंड

मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर कारण विचारा आणि पुन्हा सकाळी या. थंड इंजिन सुरू होताना आरपीएम थोडा चढेल आणि मिनिट-दोन मिनिटांत खाली यायला लागेल. निळा धूर, सतत टकटक किंवा बेल्टची किंचाळी नको.

इंजिन गरम झालं की वरच्या कव्हरवर तळवा ठेवा. एका रांगेतल्या सहा सिलिंडरचं सौंदर्य इथे हाताला कळतं. पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा पिस्टन जोडीने वर-खाली होतात, आणि या तीन जोड्या एकमेकींपासून 120 अंशांवर आहेत. त्यामुळे एकीचा धक्का बाकीच्या दोघी खोडून काढतात. व्ही6 इंजिनाला त्यासाठी काही ना काही तडजोड करावी लागते. या इंजिनात 86 मिमी बोअर आणि 86 मिमीच स्ट्रोक आहे, ब्लॉक बिडाचा आहे आणि क्रँकला सात बेअरिंगांचा आधार. म्हणून ते टिकतं. हाताला ठोके जाणवले तर इंजिनापेक्षा माउंट, प्लग किंवा कॉइल यांच्यावर संशय घ्या.

प्लगवरून आठवलं. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट वयाने कडक होतं आणि ऑइल प्लगच्या विहिरीत झिरपतं. मेकॅनिकला एक-दोन कॉइल आणि वायरी उपसायला सांगा. टोकाचं रबर ऑइलने ओलं निघालं तर गॅस्केटचं काम आहे. फार महाग नाही, पण किंमत पाडून मागायला पक्कं कारण आहे. या इंजिनात कॉइल तीनच असतात आणि प्रत्येक कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते, त्यामुळे एक कॉइल बिघडली की दोन सिलिंडर अडखळतात.

टायमिंग बेल्टचं बिल मागा. अमेरिकेतल्या वेळापत्रकाप्रमाणे तो 90,000 मैलांना बदलायचा, पण या वयाच्या गाडीत मैलांपेक्षा वर्षं मोजा. मालक "बदललाय" म्हणाला आणि कागद नसेल, तर बदललेला नाही असं समजून किंमत ठरवा. पाण्याचा पंप याच बेल्टवर फिरतो, म्हणून दोन्ही कामं एकदमच करून घ्यायची. क्रँक पुलीच्या दोन धातूंमधलं रबर सुटलंय का, पुली फिरताना डुलते का, तेही त्याच वेळी बघा.

शेवटी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, जोडा. कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नका. 'रेडिनेस मॉनिटर' (कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या तपासण्या) पूर्ण झालेत का ते वाचा. बरेच मॉनिटर अपूर्ण असतील, तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

चालवताना काय ऐकायचं

रेडिओ बंद, खिडक्या अर्ध्या उघड्या. आधी एखाद्या पार्किंगमध्ये सावकाश स्पीडब्रेकर ओलांडा आणि पुढून 'टक्' असा कोरडा आवाज येतो का ते ऐका. मग मोकळ्या हायवेवर, मागे कोणी नाही हे बघून, साठ मैलांच्या वेगाने खंबीर ब्रेक मारा. स्टिअरिंग थरथरलं तर ब्रेक डिस्क वाकड्या असतील, नाहीतर पुन्हा तेच खालचे बुश. दोन्ही एकत्रही असतात.

ऑटोमॅटिकमध्ये 'एन'मधून 'डी'त टाकल्यावर गिअर लगेच धरला पाहिजे. चढावर पेडल पूर्ण दाबा. गिअर खाली पडावा आणि गाडीने खेचावं. आरपीएम उसळला आणि वेग मागे राहिला तर गिअरबॉक्स घसरतोय. स्टिअरिंगवरची ई-शिफ्टची, म्हणजे हाताने गिअर बदलायची, बटणंही चालतात का बघा. मॅन्युअलमध्ये गाडी थंड असताना दुसरा गिअर टाका, करकर नको. क्लचसाठी, चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. वेग न वाढता आरपीएमचा काटा नुसता चढला तर क्लच बदलायला आला.

पिकअपबद्दल अपेक्षा वास्तव ठेवा. साधारण 1,480 किलोच्या गाडीला 215 हॉर्सपॉवर, म्हणजे टनाला 145 च्या आसपास. शून्य ते साठ मैलांना सातेक सेकंद लागतात. आजची कितीतरी घरगुती इलेक्ट्रिक वाहनं तिला सिग्नलवर मागे टाकतील. पेट्रोलही प्रीमियमच घालावं लागतं आणि ॲव्हरेज गॅलनला वीस मैलांच्या आत-बाहेर. या गाडीची कमाई वळणात आहे. सलग एस आकाराची दोन वळणं असलेला रस्ता शोधा आणि वेग न वाढवता एकाच लयीत ती घ्या. निरोगी आयएस दुसऱ्या वळणासाठी स्टिअरिंग उलटं फिरवताच नाक फिरवते, मागची बाजू तिच्यामागे शिस्तीने येते आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्त्याचा पोत बोटांना कळतो. नाक क्षणभर विचार करून मग वळलं, तर लिफ्टवर जे दिसलं होतं त्याची ही खूण.

किंमत कशी मागायची

तपासणीत निघालेल्या कामांची यादी मेकॅनिककडून भागांच्या आणि मजुरीच्या वेगळ्या आकड्यांसह लिहून घ्या आणि तोच कागद मालकापुढे ठेवा. बॉल जॉइंट, खालचे आर्म, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप आणि व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट ही या गाडीची नेहमीची बेरीज. ती मागितलेल्या किमतीतून वजा करून आकडा सांगा.

गाडी घरी आल्यावर कामाचा क्रम चुकवू नका. आधी बॉल जॉइंट आणि बुश, त्यानंतर नवे टायर आणि मग अलाइनमेंट. टायर आधी घातले तर पहिल्या काही हजार मैलांतच त्यांची आतली कड खाल्ली जाते. बुश बसवताना आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन सस्पेन्शनवर आल्यावरच ते पक्के करायला सांगा, नाहीतर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.