मायक्रोफोन ॲरे लावूनही बाजूची ‘सूं’ जात नसेल तर

लक्षण: एका ओळीत चार मेम्स (चिपवरचे छोटे) माइक, लगतच्या दोन माइकमध्ये ६ सेंमी, सॅम्पलिंग १६ किलोहर्ट्झ, डिले-अँड-सम बीम (माइकचे सिग्नल वेळ जुळवून बेरजेत घेतले की ठरलेल्या दिशेचा आवाज उठतो, बाकीचा दबतो) समोर बोलणाऱ्यावर. पंख्याची घरघर बऱ्यापैकी दबते, पण बाजूच्या काँप्रेसरच्या नळीतून सुटणाऱ्या हवेची सूं तशीच. स्पेक्ट्रल सबट्रॅक्शन (गोंगाटाचा अंदाज घेऊन तो सिग्नलमधून वजा करणं) जोरात लावलं की बोलणं डब्यातून आल्यासारखं. गेन जुळवून, फोम लावूनही फरक नाही. डोकं उठलं होतं.

उलगडा झाला स्वीपने, म्हणजे खालपासून वरपर्यंत सरकत जाणाऱ्या सुराने. ओळीच्या टोकाच्या दिशेला दोनेक मीटरवर फोन ठेवून १०० हर्ट्झ ते ८ किलोहर्ट्झ वाजवा आणि आउटपुटची पातळी बघा. आधी उतरते, मग ५७०० च्या आसपास पुन्हा पूर्ण चढते. ३४३ भागिले ०.०६ म्हणजे ५७१७ हर्ट्झ: तिथे तरंगलांबी माइकमधल्या अंतराएवढी होते, बाजूचा आवाज चारही माइकवर एकाच फेजमध्ये (तरंगाचे चढउतार जुळून) पोचतो आणि बीमला तो समोरचाच वाटतो.

जुने माइक हलवू नका. मध्यापासून ते ३ आणि ९ सेंमीवर आहेत. दोन्ही बाजूंना १ सेंमीवर एकेक नवा बसवा. मधले चार आता २ सेंमी अंतराचे. मग २५०० हर्ट्झखाली जुन्या चारांचा बीम, वर मधल्या चारांचा. क्रॉसओव्हर (दोन पट्टे वेगळे करणारे फिल्टर) लिनिअर-फेज एफआयआर, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर लावणारा; दोन्हीकडे सारखेच टॅप्स (फिल्टरचे गुणांक), नाहीतर जोडावर आवाज पोकळ येतो. सहाही माइक एकाच क्लॉकवर (सॅम्पलिंगचा ठेका देणाऱ्या घड्याळावर) हवेत. वेगवेगळ्या यूएसबी कार्डांवर लावले तर सगळं मुसळ केरात.

स्वीप पुन्हा घ्या. ५७०० ला हिशेबाने १२ डेसिबल घट दिसायला हवी. २५०० च्या लगेच वर मात्र ती ५च्या आसपासच राहते.