दोन मिलिमीटर तार: डिश-कॅमेऱ्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

नवी पेठेतल्या एका दुकानात डिश बसवायचं काम शिकायला लागलो, तेव्हा अण्णांनी दोन महिने मला गच्चीवर चढूच दिलं नाही. केबलचे तुकडे हातात द्यायचे आणि टोकं सोलायला बसवायचे. राग यायचा. तो उतरला पहिल्या थंडीत.

गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे, दिवस होते. जुळे सोलापुरात मी बसवलेल्या डिशची तक्रार आली, पहाटे चित्र जातं आणि ऊन चढलं की आपोआप येतं. मी बॉक्स बदलला, छत्री हलवली, एलएनबीवर, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवर, संशय घेतला. शेवटी अण्णा आले, एफ कनेक्टर, म्हणजे डिशच्या केबलच्या टोकाचा आटेवाला जोड, उघडून माझ्या नाकासमोर धरला. ''तार कुठाय रे?'' मधली तार मी कनेक्टरच्या कडेच्याही आत कापली होती. एफ कनेक्टरला वेगळी पिन नसते, केबलची तारच पिन होते. ती कडेबाहेर साधारण दोन मिलिमीटर दिसायला हवी. माझी जेमतेम टेकत होती, गारठ्यात आखडली की सुटायची.

म्हणून सोलण्यापासून सांगतो. बाहेरचं काळं आवरण साधारण 12 मिलिमीटर काढा. आतली बारीक तारांची जाळी मागे आवरणावर उलटी घाला. चकाकणारी फॉइल आणि पांढरं इन्सुलेशन टोकाकडचं 6 मिलिमीटरच काढा. कनेक्टर इतका आत ढकला की पांढरा भाग त्याच्या आतल्या तळाशी बरोबर येईल. जाळीचा केसाएवढा धागा जरी मधल्या तारेला लागला तरी शॉर्ट होतो. डिशमध्ये तर याच केबलमधून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट जातात, म्हणजे सिग्नल पूर्णच बंद. दोन्ही टोकं मोकळी ठेवून तार आणि जाळी यांत मल्टिमीटर लावा. बीप वाजला तर टोक कापा आणि पुन्हा करा. माझी पन्नासेक टोकं तरी अशी कचऱ्यात गेली असतील.

ब्लेडने तार खरवडू नका. स्वस्त आरजी-6 मध्ये (डिशला वापरतात ती केबल) ती स्टीलची असते, वर तांब्याचा मुलामा. उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो, म्हणून चालून जातं, पण मुलामा गेला की गंज आलाच. चुंबक लावून बघा, चिकटला तर स्टील. लांबवर व्होल्ट न्यायचे असतील तर पूर्ण तांब्याचीच घ्या.

हाताने पिळून बसवायचे कनेक्टर सुटे मिळतात, घाईला बरे वाटतात. गच्चीवर कधीच लावू नका. केबल वाऱ्याने हलते आणि ते निसटतात. कॉम्प्रेशनचे, म्हणजे खास टूलने दाबून बसवायचे, घ्या, त्यांचं टूलही घ्या. पक्कडने दाबलेला कनेक्टर मला लांबून ओळखू येतो. आरजी-59 या बारीक केबलचा कनेक्टर आरजी-6 वर चालत नाही, आरजी-6 जरा जाड असते. जोडावर सेल्फ-फ्युजिंग टेप ताणून गुंडाळा. साधी काळी टेप सोलापूरच्या मे महिन्यात टिकत नाही, तिचा चिकटा वितळतो. केबल आत शिरण्याआधी खाली एक वळसा सोडा, पाणी तिथून गळतं.

अ‍ॅनालॉग सीसीटीव्ही कॅमेऱ्याला बीएनसी, म्हणजे ढकलून फिरवला की अडकणारा कनेक्टर, लागतो, तो 75 ओहमचा मागा (केबल आणि कनेक्टर जुळतात का ते या ओहमच्या आकड्यावरून कळतं). वायरलेस सेटच्या अँटेनाला 50 ओहमचा. दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणून चूक दिसत नाही. एन टाइप या मोठ्या आटेवाल्या कनेक्टरमध्ये मात्र नुकसान होतं: 50 ची जाड पिन 75 च्या बारीक सॉकेटमध्ये ढकलली की आतल्या पाकळ्या फाकतात.

अ‍ॅडॉप्टरबद्दल माझं मत थोडं कडक आहे. तो तोंड बदलतो, ओहम बदलत नाही, आणि प्रत्येक अ‍ॅडॉप्टर म्हणजे बिघडायला आणखी एक जागा. दोन जोडून तिसरा लावण्यापेक्षा टोक नव्याने करा. राउटरच्या अँटेनाला घेताना तर जास्तच बघा. एसएमए आणि आरपी-एसएमए या अँटेनाच्या छोट्या कनेक्टरांचे आटे सारखेच असतात, फक्त पिन आणि भोक उलटे. फिरवून घट्ट बसतं, पण आत भोकासमोर भोक येतं किंवा पिनेसमोर पिन. फोडलेलं पाकीट बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत, म्हणून काउंटरवरच मोबाईलचा टॉर्च लावून आत बघून घ्या.