परसात कोंबड्या पाळताय? या चुका टाळा

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची गर्दी ओसरली की दरवर्षी मला दोन-चार फोन येतातच. "काकू, कोंबड्या पाळायच्यात. घरचीच अंडी खायची म्हणतोय." मग मे महिन्यात त्याच माणसांचा दुसरा फोन येतो, "काकू, कोंबड्या मरायल्यात ओ." मधल्या चार महिन्यांत काय झालं असेल ते मला न विचारता सांगता येतं. अक्कलकोट रोडकडं आमच्या परसात अकरा वर्षं कोंबड्या आहेत, कधी आठ तर कधी पंधरा. मी डॉक्टर नाही, पण यातल्या बहुतेक चुका स्वतः करून बसले आहे.

बाजारातली कोंबडी थेट कळपात सोडणं

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण यात माझंच घर धुऊन निघालं.

सहा वर्षांपूर्वी पावसाळा सरताना बाजारातून दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या आणल्या. तुरा लालभडक, डोळे टवटवीत, वजनाला भरलेल्या. सासूबाई म्हणाल्या, "आठ-पंधरा दिस डालग्याखाली वेगळ्या ठिव." मला कुठला धीर! रात्री अंधारात सोडल्या की जुन्या कोंबड्या टोचत नाहीत, एवढी एक युक्ती ऐकली होती, तेवढी केली आणि हुशारीवर खूश होऊन झोपले. टोचलं नाहीच कुणी.

पाचव्या दिवशी नव्यांपैकी एक पिसं फुगवून कोपऱ्यात उभी. सातव्या दिवशी माझ्या तीन कोंबड्या तोंड उघडून घरघरत होत्या, शीट हिरवट पातळ. मग एकीची मान वळायला लागली. दाणा टिपायला चोच खाली न्यायची आणि मान उलटी पाठीकडं जायची. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. ते बघवत नाही. "मानमोडी हाय ही," सासूबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मानमोडी म्हणजे राणीखेत. विषाणूचा रोग, एकदा शिरला की औषध नाही, जे काय आहे ते आधीची लस. दहा दिवसांत चौदातल्या तीन उरल्या. बाकीच्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या.

तेव्हापासून माझा नियम: नवी कोंबडी कितीही देखणी असो, एकवीस दिवस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. तिचं पाण्याचं भांडं वेगळं. आधी जुन्यांना दाणापाणी, मग नवीला, आणि मग हातपाय धुतल्याशिवाय जुन्यांकडं फिरकायचं नाही. पाहुणे हसतात. हसू देत.

लसीचं एक सांगते, कारण इथंच सगळे कंटाळा करतात. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी लस टोचायची. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून लोक सोडूनच देतात. आम्ही गल्लीतली पाच-सहा घरं एकच सकाळ ठरवतो. थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणायची आणि चहा व्हायच्या आत सगळ्यांची पिल्लं उरकायची. शर्टाच्या खिशात बाटली घालून मोटरसायकलवर भर उन्हातून आणणारे पण मी बघितलेत. ती लस नाही, नुसतं पाणी टोचलं म्हणायचं.

सोलापूरच्या उन्हात पत्र्याचं खुराडं

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचीच उष्णता एक्केचाळीस अंशांच्या आसपास असते, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर जातो. म्हणजे तिच्या बाहेरची हवा तिच्या अंगापेक्षा गरम. चोच उघडून धापा टाकायच्या, एवढा एकच उपाय तिच्या हातात. धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मग अंड्याच्या कवचाला लागणारा माल कमी पडतो. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची निघतात ती यामुळं. त्यात ती खातेही कमी.

जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी हौसेनं खुराडं बांधलं: वर पत्रा, तिन्ही बाजूंनी पत्रा, दाराला जाळी, आणि दार पश्चिमेला. चोर-मांजराची भीती म्हणे. मे महिन्यात दुपारच्या लग्नाला गेले. कोंबड्या आत, बाहेरून कडी. चारला परत आले तर बारातल्या नऊ आडव्या. उरलेल्या तिघींवर त्यांनी फ्रीजचं गार पाणी ओतलं, त्यात आणखी एक गेली.

गार पाणी एकदम ओतायचं नसतं. सावलीत न्या, साध्या पाण्यात पाय बुडवून धरा, तुरा भिजवा, चोचीला थेंब-थेंब पाणी लावा. पण तिथवर वेळच येऊ देऊ नका. माझ्याकडं छपराला पाचटाचा जाड थर आहे, दोन बाजूंना नुसती बारीक जाळी, आणि दुपारी तिच्यावर ओलं तरट. पाणी मातीच्या परळात, दिवसातून तीनदा बदलून. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चहासारखं तापतं, ते कोंबडी तोंडात घेत नाही, तहानेनं मरते पण घेत नाही. नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं म्हणून कोंबड्यांच्या पाण्यात काटकसर करणाऱ्यांनी मुळात पाळूच नयेत. दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर. भर दुपारी पोट भरलं की पचनाची उष्णता वरून पडते.

बाकीच्या, पटापट

नुसती ज्वारी आणि शिळी कडक भाकरी. मालदांडी कितीही चांगली असली तरी तिच्यात प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास, आणि अंड्यावरच्या कोंबडीला सोळा-सतरा लागतात. लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य द्या, भाकरी चवीपुरती. शेंगपेंड घालत असाल तर हुंगून बघा. बुरस वास आला की फेकून द्या, ते विषच.

शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, ते कुठून आणणार ती?

रस्त्यावरची गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं. बहुतेक नर असतात. अंड्यांची वाट बघत बसू नका.

अंड्यासाठी कोंबडा लागतो हा गैरसमज. पिल्लं काढायची असतील तरच लागतो. नाहीतर पहाटे चारला शेजारी उठतात आणि तुम्हाला शिव्या देतात.

मोठ्या भोकांची जाळी. कोंबडी अडते, मुंगूस नाही.

ओली जमीन. पिल्लांना रक्ती हगवण तिथूनच लागते. खालचा भुसा भिजला की त्याच दिवशी काढायचा, रविवारची वाट बघायची नाही.

एक शिंक ऐकली की मेडिकलमधून आणलेली गोळी पाण्यात टाकणं. यावर लिहायला बसले तर शिव्याच येतील. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, तिथं जा.

अंडी बंद झाली की कोंबडी विकणं

वर्षातून एकदा कोंबडी पिसं झाडते. दोन-तीन महिने अंडं नाही, कारण सगळा जोर नव्या पिसांवर. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसली तरी अंडं थांबतं. मागच्या हिवाळ्यात एकानं फोन केला, "काकू, निम्मी बोडकी झालीय, अंडं देत नाही, कापू का विकू?" म्हटलं, विकायची तर मलाच द्या. दोनशे रुपयांना घेतली. रीतीप्रमाणं एकवीस दिवस डालग्याखाली ठेवली, मग कळपात सोडली. फेब्रुवारीपासून आठवड्याला पाच अंडी देतेय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.