रिकाम्या खोलीत घरचा बार: आधी स्टूल, मग बाटल्या

मुलं शिकायला बाहेर गेली की पुण्यातल्या कोथरूड-बाणेरच्या थ्री बीएचकेतली एक खोली हळूहळू सुटकेसा, इस्त्रीचे कपडे आणि ट्रेडमिल यांच्या ताब्यात जाते. त्या खोलीत बार करायचा बेत असेल तर पहिला मोह आवरा: दिव्यांनी झगमगणारं बाटल्यांचं कपाट. सुतारही आधी तेच सुचवेल, कारण ते करायला सोपं आणि बिलात मोठं. पण पाहुणे दोन-दोन तास बसणार स्टुलावर आणि तुम्ही उभे राहणार काउंटरमागे. ही दोन मापं जमली नाहीत तर त्या खोलीत फार तर आठवडाभर लोक जातील, मग पुन्हा सगळे हॉलमधल्या सोफ्यावर.

मोजमाप

काउंटरची उंची जमिनीपासून 42 इंच, स्टुलाची बैठक 30 इंच. या दोहोंत 10 ते 12 इंच अंतर राहायला हवं. कमी पडलं तर मांड्या अडकतात, वाढलं तर कोपरं खांद्याच्या रेषेत येतात. स्वयंपाकाचा ओटा याहून बराच बुटका असतो आणि सुताराच्या हाताला तेच माप बसलेलं असतं, म्हणून आकडे तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. गुडघे आत जावेत म्हणून वरचा दगड पुढे 10 इंच काढा आणि पाय टेकवायला जमिनीपासून 8 इंचांवर स्टीलचा पाइप लावून घ्या. या पाइपाचा खर्च किरकोळ, पण तो नसला तर लोंबकळणाऱ्या पायांना लवकरच मुंग्या येतात. माणशी 24 इंच धरा. 6 फुटी काउंटरवर तिघं बसतात, चौथा उभाच बरा.

आता भिंतीपासून भिंतीपर्यंत हिशेब करा. मागचं शेल्फ 12 इंच, तुम्हाला उभं राहायला 30 इंच, पुढे आलेल्या दगडासकट काउंटर 24 इंच, स्टूल मागे ओढून बसायला आणि कुणाला पाठीमागून जायला 42 इंच. बेरीज 108 इंच, म्हणजे 9 फूट. 10 बाय 10 च्या खोलीत हे बसतं, पण भिंतीत केलेलं 2 फुटी कपाट तिथे असेल तर बसत नाही. तसं असेल तर काउंटरमागे उभं राहायचा हट्ट सोडा. भिंतीलाच 18 इंच रुंद फळी लावा आणि समोर उंच टेबल ठेवा. ऑर्डर देण्याआधी हे सगळं खडूने जमिनीवर आखा, दार उघडून बघा, आखलेल्या जागेत दोघांना वावरायला लावा.

देवघर त्याच भिंतीला पलीकडून लागून असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांशी आधी बोलून घ्या. नंतर काउंटर हलत नाही.

दगड आणि प्लाय

वरचा दगड कोणता, यावर मी ठाम आहे: ग्रॅनाइट. कडाप्पा स्वस्त असतो आणि पुण्यातल्या जुन्या ओट्यांवर तो सर्रास दिसतो, पण तो चुनखडीचा दगड. बारवर लिंबू पिळलं जाणार, वाइन सांडणार, आणि चुनखडीला आम्ल लागलं की चकाकी जाऊन पांढुरके डाग पडतात. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइटला लिंबाचं काही वाटत नाही. मात्र वजन लक्षात घ्या: 20 मिमी जाडीचा 6 बाय 2 फुटांचा तुकडा 60 किलोच्या घरात जातो. खालच्या पेटीला दर 2 फुटांवर उभी फळी हवी आणि पुढे आलेल्या भागाला लोखंडी ब्रॅकेट.

पेटीसाठी 18 किंवा 19 मिमी प्लाय घ्या, त्यावर आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या मानकाचा, शिक्का असलेला. बर्फ वितळणार आहे, पाणी सांडणार आहे. दर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला विचारून मग सुताराशी बोला. बाहेरच्या भिंतीला लागून काही करत असाल तर प्लाय आणि भिंत यांत अर्धा इंच फट ठेवा. पावसाळ्यात ओल आली की पाठीमागे बुरशी धरते आणि ती कळेपर्यंत बराच उशीर होतो.

पाणी: बहुधा नकोच

सिंक हवंच, असं सगळ्यांना वाटतं. खोलीची भिंत बाथरूमला लागून असेल तर जरूर करा, कारण पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाइप तिथेच आहे. नसेल तर सांडपाण्याला उतार देण्यासाठी फरशी फोडावी लागते, जिना उतरून खालच्या फ्लॅटच्या छताची काळजी वाहावी लागते आणि सोसायटीची परवानगी घ्यावी लागते. एवढं करून धुवायचे असतात सहा ग्लास. झाकणाची स्टीलची बादली, दोन नॅपकिन आणि ग्लास नेण्यासाठी ट्रे, एवढ्यावर काम भागतं.

वीज आणि उजेड

फ्रिजसाठी काउंटरखाली स्वतंत्र पॉइंट काढून घ्या, एक्स्टेन्शन बोर्डावर तो चालवू नका. छोटा फ्रिज प्लायच्या पेटीत कोंबला की त्याला उष्णता सोडायला जागा राहत नाही; पाठीमागे आणि बाजूंना 3 इंच मोकळे सोडा. दिव्यांसाठी 2700 ते 3000 केल्विनची पिवळसर एलईडी पट्टी, दुधी झाकण असलेल्या चॅनेलमध्ये बसवलेली. ती शेल्फच्या पुढच्या कडेला, डोळ्यांआड. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं. पांढऱ्या उजेडात खोली दवाखान्यासारखी दिसते.

शेल्फ

750 मिलीची बाटली साधारण 12 इंच उंच असते, म्हणून दोन फळ्यांत 14 इंच ठेवा. काचेची फळी हवी असेल तर 8 मिमी टफन्ड, आणि 2 फुटांपेक्षा लांब विनाआधार नको. पश्चिमेची भिंत टाळा. एप्रिल-मेमध्ये पुण्यातलं संध्याकाळचं ऊन बाटल्यांवर पडणं चांगलं नाही. व्हिस्की-रम उभ्या ठेवायच्या, खऱ्या बुचाची वाइन आडवी. फिरकीच्या झाकणाची वाइन कशीही ठेवली तरी चालते.

परवाना

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, घरीसुद्धा. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून ऑनलाइन काढता येतो. बिअर आणि वाइनसाठी वय 21, बाकीच्या मद्यासाठी 25. परवाना व्यक्तीच्या नावे असतो आणि किती साठा बाळगता येतो यालाही मर्यादा आहे, तेव्हा शेल्फ भरण्याआधी ती तपासून घ्या. गोव्याहून येताना स्वस्त म्हणून डिकी भरून आणू नका, इथे तो गुन्हा ठरतो. आणि मित्रांकडून पेगचे पैसे घेतलेत तर ती विनापरवाना विक्री. शेल्फला कुलूप असू द्या.

काय भरायचं

सुरुवातीला एक व्हिस्की, एक रम, एक जिन, बस. पुण्याच्या मूनशाइन मीडरीची मधापासून बनवलेली मीड फ्रिजमध्ये ठेवा. बिअर नको म्हणणाऱ्या पाहुण्यांना ती चालते. न पिणाऱ्यांसाठी कॅम्पातल्या आर्देशीरचा रास्पबेरी आणि जिंजर सोडा आणून ठेवा, हे दुकान 1884 सालचं. कोकम आगळ, पुदिना, लिंबं कायम असू द्या. व्हर्मुथ (वनौषधी-मसाल्यांचा स्वाद दिलेली वाइन) घेतलीत तर उघडल्यावर ती फ्रिजमध्ये जाते, शेल्फवर नाही. मापासाठी 30-60 मिलीचं दुतोंडी माप घ्या, अंदाजपंचे ओतणं पाहुण्यांना आवडतं आणि सकाळी नडतं.

ग्लास दोनच प्रकारचे, बुटके आणि उंच, प्रत्येकी सहा. तांब्याचे मग हवे असतील तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत चक्कर मारा, पण आतून कल्हई केलेलेच मागा. लिंबाचा रस उघड्या तांब्यात राहिला की तांबं पेयात उतरतं. कल्हई झिजली की तिथेच परत करून मिळते.